कोकणातून राजस्थानच्या वाळवंटी गावात राहायला जाताय? हो म्हणण्याआधी हे तपासा

पचपदऱ्याची रिफायनरी, भडल्याचा सौर प्रकल्प, बाडमेरच्या तेलविहिरी, जैसलमेरच्या पवनचक्क्या. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना आता तिकडची बोलावणी येतात. बँकेतल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरीतल्या लोकांची बदली तर पूर्वीपासूनच होत आली आहे. पत्रात पगार असतो, पद असतं, रुजू होण्याची तारीख असते. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, छातीत कळ आली तर कुठे धावायचं आणि घरातलं माणूस दिवसभर काय करणार, हे त्यात नसतं. ते आपणच शोधायचं असतं. ते कसं शोधायचं, हे इथे क्रमाने लिहितो. मी स्वतः त्या भागात संसार केला आहे आणि आमच्याकडून तिकडे जाणाऱ्या बऱ्याच घरांना बसवून देण्यात हातभार लावला आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. 2011च्या जनगणनेत जैसलमेर शहराची लोकसंख्या सुमारे 65 हजार होती, रत्नागिरीची सुमारे 76 हजार. त्यामुळे "आपल्यासारखंच छोटं शहर आहे, जमून जाईल" असं वाटतं. पण रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जैसलमेरला 200च्या आतबाहेर. घराची रचना, जेवण, आजार, कामाच्या वेळा, शेजाऱ्यांशी होणारी भांडणं, सगळं या एका फरकातून निघतं. म्हणून माझं सांगणं असं की गाव जोखायचं ते त्याच्या सगळ्यात कठीण महिन्यात, आणि कमावणाऱ्याच्या नजरेने नव्हे, तर दिवसभर घरी राहणाऱ्या माणसाच्या नजरेने.

आधी आपलाच एक आठवडा कागदावर उतरवा

तिकडची माहिती काढण्याआधी इथलं आयुष्य लिहून काढा. घरातल्या प्रत्येकाने वेगळा कागद घ्यायचा. आईच्या कागदावर कदाचित देवळातलं भजन, समोरच्या वहिनी आणि दर सोमवारचा आठवडा बाजार येईल. बायकोच्या कागदावर पतपेढीतली नोकरी, बचत गट, स्कूटरवरून दहा मिनिटांत माहेरी जाता येणं. मुलाच्या कागदावर क्रिकेट आणि विहिरीत पोहणं. मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं: याच्याशिवाय चालणार नाही, असलं तर बरं, किंवा सुटलं तर बरंच. तिसरा प्रकार विसरू नका. जूनपासून कपाटाला येणारी बुरशी, चार-चार दिवस न वाळणारे कपडे, पहिल्या पावसात गेलेली आणि लवकर न येणारी वीज, दमट हवेत वाढणारा दमा. वाळवंटात यातलं बरंच काही उरत नाही आणि काहींच्या प्रकृतीला तो फरक मानवतो.

"याच्याशिवाय चालणार नाही" या सदरात पाच-सहाच गोष्टी ठेवा. पुढची सगळी चौकशी त्यांच्यासाठी करायची आहे.

पहिली चौकशी आपल्याच बाजारपेठेत

कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेत मारवाडी दुकानदार आहेत. बरेचसे पाली, जालोर, सिरोही, बाडमेर या जिल्ह्यांतले. पिढ्यानपिढ्या इथे राहूनही त्यांचं गावाकडे जाणं-येणं चालू असतं. त्यांच्याकडे बसा आणि थेट विचारा: तुमच्या गावात वहिनी उन्हाळ्यात राहतात का? पाणी कसं येतं? आजारी पडलं की कुठे नेता? फरशी बसवणारे आणि फर्निचरचं काम करणारे राजस्थानी कारागीर तर आणखी मोकळेपणाने सांगतात. ही माणसं दोन्हीकडची हवा जाणतात. आपल्याला तिथे काय जड जाईल, हे त्यांना न सांगताही कळतं.

दुसरा दुवा सराफ बाजारातला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. राजस्थानातल्या मोठ्या गावात सराफांची गल्ली असली, तर तिथे मराठी घर सापडण्याची बरीच शक्यता असते. गेल्यावर आधी त्यांना भेटा. घर भाड्याने मिळवण्यापासून गणपतीची मूर्ती कुठे मिळते इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक असतं.

गाव पाहायला डिसेंबरात जाऊ नका

डिसेंबर-जानेवारीत पश्चिम राजस्थान फार सुंदर असतं. स्वच्छ आकाश, कोवळं ऊन, किल्ल्यावर पर्यटक. कंपनीवालेही मुलाखतीला बहुधा याच दिवसांत बोलावतात. त्या सहलीवरून राहण्याचा निर्णय घेऊ नका. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीही जा, निदान चार-पाच दिवस राहा आणि जमेल तर घरातलं दुसरं माणूस सोबत न्या.

आकड्यांत सांगायचं तर 19 मे 2016 रोजी फलोदीला 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. तसा दिवस विरळा, पण मे-जूनमध्ये 42 ते 45 अंश हे तिथे नेहमीचंच. आपल्याकडे मे महिन्यात 34 अंशांना जीव नकोसा होतो तो दमटपणामुळे. तिकडे घाम येतो आणि आल्या आल्या सुकतो. अंग कोरडं राहतं, त्यामुळे "एवढं काही जाणवत नाही" असं वाटतं आणि पाणी पिणं राहून जातं. नवीन माणूस पहिल्या पंधरवड्यात आजारी पडतो तो यामुळे. शरीराला त्या उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचं, मिठा-साखरेचं पाणी किंवा ओआरएस जवळ ठेवायचं आणि दुपारची अंगमेहनत टाळायची. ज्यांना मुतखड्याचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच.

साइटवर काम करणाऱ्यांनी कंपनीला सरळ विचारावं: मे-जूनमध्ये कामाच्या वेळा बदलता का? सावलीची विश्रांतीची जागा आहे का? थंड पाण्याची सोय कामाच्या ठिकाणापासून किती दूर? याचं उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पगाराचा आकडा कितीही चांगला असो, मी दोनदा विचार करेन.

त्या चार-पाच दिवसांत हॉटेलात बसून राहू नका. दुपारी तीनला बाजारात जा. रात्री गच्चीवर झोपून पाहा, तिकडे बरेच जण झोपतात. एखादी आंधी अनुभवायला मिळाली तर उत्तमच. धुळीची भिंत येते, पाच मिनिटांत अंधारतं आणि बंद खिडक्यांतूनही ताटात रेती पडते. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाची दमट हवेतून सुटका झाली तरी या धुळीतून होत नाही, म्हणून दमेकरी घरात असेल तर त्यालाच सोबत नेऊन पाहणं बरं.

थंडीचंही लक्षात ठेवा. जानेवारीत रात्रीचं तापमान सात-आठ अंशांवर येतं, कधी त्याहूनही खाली. कोकणात आयुष्य काढलेल्या वृद्धांना हे फार जड जातं, कारण आपल्याकडे धड रजईसुद्धा नसते.

पाणी: सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा

जैसलमेर, बाडमेर आणि त्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांचं पिण्याचं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून येतं. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरिके इथे बंधारा आहे, तिथून ते निघतं आणि शेकडो किलोमीटर वाहत वाळवंटात पोचतं. कालव्याची दुरुस्ती बहुतेक वर्षी मार्च ते मे या काळात होते. तेव्हा तो काही आठवडे बंद असतो. तिकडे याला नहरबंदी म्हणतात. या काळात साठवलेल्या पाण्यावर गाव चालतं आणि नळाच्या पाळ्या लांबतात. म्हणजे ऊन वाढतं त्याच सुमारास पाणी कमी होतं.

म्हणून घरमालकाला "पाणी येतं ना?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. शेजारच्या तीन घरांत असं विचारा: एरवी किती दिवसांआड येतं? गेल्या नहरबंदीत किती दिवसांआड येत होतं? पहाटे येतं की रात्री? दाब असतो की मोटर लावावी लागते? टँकर किती वेळा मागवला आणि किती पैसे दिले? पाणी गोड की खारं? तिथे पिण्यालायक पाण्याला मीठा म्हणतात, आणि खाऱ्या पाण्याचा वेगळा नळ असलेली घरंही आहेत.

आता हिशोब करा. काटकसरीने वापरलं तरी माणशी दिवसाला 100 लिटर धरा. चार माणसांचे 400. कूलर दिवसभर चालला तर आणखी 50 लिटर सहज जातात. झाले 450. पाणी चार दिवसांआड आलं तर 1800 लिटर साठा हवा, सात दिवसांआड आलं तर 3150. म्हणजे जमिनीखाली साधारण 4000 लिटरची टाकी असलेलं घर शोधायचं. त्या टाकीला तिकडे टांका म्हणतात. गच्चीवर 500 लिटरची एक काळी टाकी आणि खाली काही नाही, असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. उन्हाळ्यात त्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, हा आणखी एक त्रास.

दर्जा ही दुसरी बाजू. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं हलकं असतं की जड पाणी म्हणजे काय, हे आपल्याला माहीतच नसतं. पाहायला जाल तेव्हा तिथल्या नळाच्या पाण्यात तूरडाळ शिजवून पाहा आणि एकदा डोक्यावरून अंघोळ करा. डाळ शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, केस काथ्यासारखे होत असतील, तर ते पाणी जड आहे. बोअरवेलचं पाणी असेल तर तपासणी करून घ्याच, कारण राजस्थानच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, 1.5च्या वर नको. जास्त फ्लोराइडने मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडांना इजा होते. गल्लीतल्या शाळकरी मुलांचे दात पाहिले तरी अंदाज येतो. आरओ यंत्राने फ्लोराइड कमी होतं, पण त्यातून बरंच पाणी वाया जातं. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वाळवंटात पूर येत नाही, असंही समजू नका. ऑगस्ट 2006मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत इतका पाऊस कोसळला की कवास गाव पाण्याखाली गेलं. जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे ते पाणी मुरेना, महिनोन्‌महिने तसंच साचून राहिलं. 2021च्या जुलैत चिपळूणमध्ये काय झालं ते आपण पाहिलं आहे. घर सखल भागात आहे का, हा प्रश्न तिकडेही विचारायचाच.

घर

सगळ्यात वरचा मजला नको. सपाट छत दिवसभर तापतं आणि रात्री अकरापर्यंत ती धग खोलीत उतरत राहते. तळमजला किंवा ज्याच्यावर आणखी एक मजला आहे असं घर घ्या. पश्चिमेची भिंत कोरी असावी, निजायची खोली त्या बाजूला नसावी. जाड दगडी भिंतीचं जुनं घर सिमेंटच्या नव्या घरापेक्षा बहुतेक वेळा थंड असतं. छताला पांढरा रंग किंवा चिनी मातीच्या तुकड्यांचा थर असेल तर फरक पडतो.

आपल्याकडे निरुपयोगी ठरणारा कूलर तिकडे कोरड्या हवेत छान काम करतो आणि एसीच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेतो. मात्र पावसाळ्याच्या सुमारास हवेत थोडा ओलावा आला की त्याचा उपयोग कमी होतो, त्या दोन महिन्यांसाठी एसी लागू शकतो. कूलरच्या टाकीत डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती पूर्ण कोरडी करायची.

घर ठरवण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या: तुम्ही मासे-मटण खाता. बरेच घरमालक शाकाहारी असतात आणि मांसाहारी कुटुंबाला घर देत नाहीत. लपवून राहिलात तर बोंबील भाजला त्याच दिवशी कळेल, आणि भर उन्हाळ्यात घर शोधत फिरायची वेळ येईल. कंपनीची वसाहत, रेल्वे किंवा लष्करी भागाजवळची वस्ती इथे हा प्रश्न कमी येतो.

पचपदऱ्याजवळच्या बालोतऱ्याला जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथे कापड रंगवण्याचे आणि छपाईचे पुष्कळ कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याने लूणी नदी वर्षानुवर्षं खराब झाली आहे. कारखान्यांच्या आणि नाल्याच्या जवळची वस्ती टाळा, विशेषतः तिथली बोअरवेल.

रात्री दोन वाजता काय कराल?

दवाखान्याची चौकशी या एका प्रश्नाने करा. रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखलं, तर गाडी कोणाची, डॉक्टर कोण, हृदयाचे उपचार कुठे? पश्चिम राजस्थानात मोठ्या आजाराचा शेवटचा थांबा बहुधा जोधपूर, तिथे 2012पासून एम्स आहे. बालोतऱ्याहून जोधपूर साधारण 100 किलोमीटर, बाडमेरहून 200, जैसलमेरहून पावणेतीनशेच्या पुढे.

हे अंतर ऐकून घाबरण्याआधी आपली स्थिती आठवा. रत्नागिरीचा गंभीर रुग्ण आंबा घाटाने कोल्हापूरला जातो, सिंधुदुर्गातला गोव्यातल्या बांबोळीला. अंतर आपल्यालाही नवीन नाही. तिकडचे रस्ते सरळ आणि बहुतेक चांगले आहेत, तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापलं जातं. तरीही जैसलमेर म्हणजे चार-पाच तास. घरात हृदयविकार, डायलिसिस किंवा जोखमीचं बाळंतपण असेल तर जैसलमेरपेक्षा बालोतरा किंवा थेट जोधपूर मी सुचवेन, पगार थोडा कमी असला तरी.

आरोग्य विम्याचं कार्ड जोधपूरच्या कुठल्या रुग्णालयात रोख न भरता चालतं, ते यादी काढून आधीच पाहा. राजस्थान सरकारची आरोग्य योजना जनआधार कार्डाशी जोडलेली आहे. दीर्घकाळ राहणार असाल तर ते कुटुंबाचं कार्ड लवकर काढून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते थंड कसं ठेवायचं याची सोय पहिल्या आठवड्यात करावी.

मुलांची शाळा, आणि एक नियम ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात

प्राथमिक वर्गातलं मूल हिंदी शाळेत महिन्या-दोन महिन्यांत रुळतं. त्याची काळजी करू नका, मराठी वाचन मात्र घरी चालू ठेवा. खरा प्रश्न आठवीनंतर येतो.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या 85 टक्के जागांसाठी साधारण नियम असा की अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण हवी. बदली झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी कंपनीत गेलेल्यांना त्या गृहीत धरता येत नाहीत. म्हणजे मुलगी नववीत असताना तुम्ही बाडमेरला गेलात आणि तिने तिथून दहावी केली, तर पुढे गुण कितीही मिळोत, आपल्या राज्याच्या कोट्याचं दार बंद होऊ शकतं. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतले पात्रतेचे नियम निर्णयाआधी वाचा, आणि राजस्थानच्या कोट्याचे नियमही त्यांच्या पुस्तिकेत पाहा.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. महाराष्ट्राचा दाखला घेऊन राजस्थान सरकारच्या नोकरीत किंवा राज्याच्या जागांवर आरक्षण मिळत नाही. ते आपल्या मूळ राज्यातच लागू राहतं.

माझं स्पष्ट मत: मूल नववी ते बारावीत असेल तर कमावणाऱ्याने एकट्याने जावं, कुटुंबाने इथेच राहावं. केंद्रीय विद्यालयं बाडमेर आणि जैसलमेर दोन्हीकडे आहेत, पण तिथे प्रवेशात बदलीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असतं. खासगी नोकरीवाल्याने त्यावर विसंबून राहू नये.

दिवसभर घरी राहणारं माणूस

इथे बहुतेक घरांचं गणित बसतं किंवा मोडतं. कमावणारा सकाळी एसी बसने प्रकल्पावर जातो, दिवसभर दहा प्रांतांतल्या लोकांत असतो. बायको चार भिंतींत, अनोळखी भाषेत, सकाळी दहानंतर बाहेर पाऊल टाकता न येणाऱ्या उन्हात. कोकणातली बाई एसटीने एकटी तालुक्याला जाते, स्कूटर चालवते, पतपेढीत, शाळेत, अंगणवाडीत काम करते. तिच्यासाठी ही बदली काय आहे, हे तिच्याशिवाय कोणी ठरवू नये.

पाहणीच्या दिवसांत तिने स्वतः काही गोष्टी कराव्यात. संध्याकाळी सातला एकटीने बाजारात जाऊन भाजी आणावी. शेजारच्या बायकांशी अर्धा तास बोलावं. आसपासच्या शाळा, दवाखाने, बँकांमध्ये किती बायका कामाला दिसतात ते पाहावं. काही वस्त्यांत घुंघट आणि सासुरवाशिणींची बंधनं अजून पक्की आहेत, तर काही वस्त्यांत मुली ॲक्टिव्हावरून कॉलेजला जातात. एकाच गावात दोन्ही सापडतं, म्हणून वस्ती निवडणं महत्त्वाचं. हिंदी सगळीकडे चालते. घराघरांत मारवाडी बोलतात, ती कानाला पडत राहिली की थोड्या महिन्यांत समजू लागते. पाहुणचार मात्र मनापासून असतो. अनोळखी बाईलाही "पधारो" म्हणून आत बोलावतात आणि ताक पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

जेवणाचं सांगतो. समुद्राचा ताजा मासा विसरा. गोड्या पाण्यातले मासे काही ठिकाणी मिळतात, आपल्याला ते लवकर रुचत नाहीत. आगोटीला जसं सुकं भरतो तसं सोडे, सुकट, बोंबील, शिवाय कोकम, उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ आणि तिरफळं वर्षाची बांधून न्या. नारळ मिळतो, पण महाग आणि सुकत आलेला. त्याऐवजी तिथलं दूध, तूप आणि ताक घ्या, थारपारकर गाईचा तो मुलूखच आहे. बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी, केर-सांगरीची (वाळवंटातल्या झुडपांची फळं आणि शेंगा) भाजी आणि लसणाची चटणी हे जेवण आपल्याला आवडतं. पहिल्याच महिन्यात शेजारणीकडून शिकून घ्या, म्हणजे घरच्या पोळी-भातासाठी जीव कासावीस होत नाही.

बाडमेर आणि जैसलमेर हे सीमेवरचे जिल्हे आहेत. सीमेलगतच्या काही भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. मे 2025मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत तिथे रात्री संपूर्ण अंधार पाळावा लागला. असे दिवस क्वचित येतात, पण घरातल्या माणसांना हे आधी सांगून ठेवावं, तिथे गेल्यावर कळू नये.

पैशाचा हिशोब

समजा चिपळुणात 28 हजार मिळतात आणि तिकडे 42 हजारांचं बोलणं आहे. वाढ 14 हजारांची. इथे घर स्वतःचं, तिथे भाडं 9 हजार. बायकोची 8 हजारांची नोकरी सुटली. वाढ इथेच संपली, वर 3 हजारांची तूट आली. यात अजून उन्हाळ्याचं वीजबिल, टँकर, आरओ, खासगी शाळेची फी आणि चौघांचं वर्षातून दोनदा येणं-जाणं धरलेलं नाही. कंपनीने क्वार्टर, पाणी आणि वीज दिली तर हेच गणित एकदम फायद्याचं होतं. म्हणून पगार वाढवून मागण्यापेक्षा राहायची सोय मागा.

नोकरी कशाची आहे, हेही विचारा. प्रकल्प उभारणीतलं काम उभारणी संपली की संपतं. प्रकल्प चालवण्यातलं काम टिकतं. ठेकेदाराकडे लागणार असाल तर भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय कापला जातो का, ते लेखी घ्या. वर्ष-दीड वर्षाच्या कामासाठी संसार हलवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

येण्याजाण्याची वाट आणि मागे राहिलेलं घर

कोकण रेल्वेवरून राजस्थानला जाणाऱ्या गाड्या आहेत, मरुसागर एक्स्प्रेस थेट अजमेरला जाते. पण अशा गाड्या आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच असतात. रोजचा भरवशाचा मार्ग म्हणजे मुंबई गाठून वांद्रे टर्मिनसहून जोधपूरची सूर्यनगरी, आणि तिथून पुढे बाडमेर किंवा जैसलमेर. दार ते दार दीड दिवस धरा. आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. गणपतीचं परतीचं तिकीट त्याच सकाळी काढलं नाही तर मिळत नाही. गणपती आणि शिमगा या दोन्हीला सुट्टी मिळेल का, हे रुजू होण्याआधी बोलून घ्या. एकच मिळणार असेल तर कुठली, तेही घरात ठरवा.

मागचं घर बंद ठेवलं तर पहिल्या पावसातच त्याची दशा होते. मेमध्ये कौलं परतायला, पन्हळ साफ करायला आणि अधूनमधून दारं-खिडक्या उघडायला माणूस नेमा आणि त्याचे पैसे महिन्याच्या खर्चात धरा. कागदपत्रं, जुने फोटो, पुस्तकं वाळवीच्या आणि ओलीच्या तोंडी ठेवू नका, तिकडच्या कोरड्या हवेत ती छान टिकतात. आंबा-काजूची बाग असेल तर ई-पीक पाहणी आणि फळपीक विम्याच्या मुदती भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे लिहून द्या.

निर्णय एकदम घेऊ नका, टप्प्यांनी घ्या

कमावणाऱ्याने जमल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये रुजू व्हावं. नहरबंदी, मेचं ऊन, आंधी, जुलैचा उकाडा हे सगळं त्याने एकट्याने काढावं. कुटुंबाने शाळेच्या मेच्या सुट्टीत पंधरा दिवस तिथे राहावं, पर्यटक म्हणून नव्हे, स्वतः रांधून, स्वतः पाणी भरून. मग सगळ्यांनी पहिल्या दिवशीचे कागद पुन्हा काढावेत. "याच्याशिवाय चालणार नाही" या सदरातल्या किती गोष्टी तिथे मिळतात, किती पर्यायाने भागतात आणि किती सुटतात, ते प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर लिहावं. कोणाच्याही कागदावर दोनपेक्षा जास्त गोष्टी सुटत असतील तर निर्णय एक वर्ष पुढे ढकला. तेवढा काळ माणूस एकट्याने राहू शकतो, क्वार्टर नसेल तर दोघे-तिघे मिळून खोली घेतात.

जायचं ठरलं तर परतीच्याही अटी लिहून ठेवा: किती वर्षं, कोणत्या परिस्थितीत परत यायचं, मुलगा सातवीत गेला की काय करायचं. इथली शाळा सोडताना दाखला आणि गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती घ्या. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरायचा असतो. शिधापत्रिकेवरचं धान्य आता दुसऱ्या राज्यातही उचलता येतं, फक्त आधार जोडलेलं असावं. गाडी नेणार असाल तर इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आधी काढा. 12 महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात वापरायची असेल तर तिथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो. गाडी जुनी असेल तर ती इथेच विकून तिकडे घेतलेली परवडते.